अभ्यासाचा वाफसा

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात श्रीगोंदे येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर आम्ही 'अधिक अभ्यास करा' एवढाच उपदेश केला. आज तो थोडा मागे घेण्यासाठी उभे आहोत.

आमची एक पुतणी पुण्यास एम.एस्सी.चे शिक्षण घेत होती. प्रकल्पाचा अहवाल देण्याच्या महिन्यातच आम्ही तिला तीन लग्नांस बोलावले. वडील माणसांस नाही म्हणणे तिला जमले नाही. बुडालेले दिवस तिने रात्री जागून भरून काढले. निकाल उत्तम लागला. आम्ही पेढे वाटले. पुढे दोन महिने तिने पुस्तकास हात लावला नाही, कोणाशी ती धड बोलली नाही. आम्ही तिला आळशी म्हटले. तो आळस नव्हता, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

या अवस्थेस 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली नोकरी-व्यवसायाच्या संदर्भात तिची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी मनात आलेला दुरावा आणि कार्यक्षमतेतील घट. गुणपत्रिकेत यांचा रकाना नसतो.

निवासी डॉक्टर हे पदव्युत्तर विद्यार्थीही असतात आणि रुग्णसेवकही. त्यांचे सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावे, असे केंद्र शासनाने १९९२ सालीच सांगितले होते. तरीही २०२४ साली राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृतिदलास आठवड्यास ७४ तासांची मर्यादा, एक सुटी आणि रोज सात-आठ तासांची झोप यांची शिफारस करावी लागली. इतरांस विश्रांती सांगणाऱ्यांची ही स्थिती!

आपण घोड व कुकडीच्या कालव्यांवर शेती करणारी माणसे. अधिक पाण्याने अधिक ऊस येत नाही, जमीन मात्र चिबड होते, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. पाणी दिल्यावर वाफसा येईपर्यंत आपण औत घालीत नाही. त्या थांबण्यास कोणी आळस म्हणत नाही. अभ्यासासही तोच न्याय लावावा.

विद्यार्थ्यांनी सत्राच्या आरंभीच अंतिम तारीख लिहून तेथून दिवस मागे मोजावेत. प्रबंधाचे लहान भाग पाडून प्रत्येकास मुदत नेमावी. अवघड काम ताज्या वेळेस करावे. झोप व साप्ताहिक सुटी वेळापत्रकात प्रथम लिहावी. 'वेळ उरला तर घेऊ' असे म्हणू नये.

परंतु ते वेळापत्रक एकट्या विद्यार्थ्याच्या हाती नसते. आपण वडीलधारी मंडळी त्यावर परस्पर रेघा मारतो. लग्नाची तिथी धरण्यापूर्वी त्याच्या परीक्षेची तारीख विचारावी. तो येऊ शकला नाही तर राग धरू नये. 'गुण किती?' याआधी 'झोप होते ना?' असे विचारावे. मूल बराच काळ गप्प राहू लागले तर वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे बोलण्यात घराण्याचा कमीपणा मुळीच नाही.

आमची पुतणी आता सावरली आहे. तिने आम्हांस दोष दिला नाही. तो आमचा आम्हीच घेत आहोत. आज येथे गुणवंतांचे सत्कार होतील. ज्यांचे वर्ष यंदा मागे राहिले, त्यांनाही या मांडवात येऊन बसण्यास संकोच वाटू नये, अशी आपली वागणूक असो. तीही आपलीच मुले आहेत.