अभ्यासिकेतली मुले आणि जरीचे आठ तुकडे
(विहाराच्या वर्धापनदिनी चिखली येथे केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीत राबणारी माणसं. जे शिकलो ते पाळीवरून आल्यावर, रात्री. म्हणून वस्तीतली पोरंपोरी नीटचा, एमपीएससीचा अभ्यास करतात याचं आम्हाला भारी कौतुक. पण २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, त्यात सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रातले. हे ऐकून गप्प बसवत नाही.

जयंतीला मुलांना अठरा तास अभ्यासाला बसवतात. उपक्रम चांगलाच आहे. पण बाबासाहेबांचं शरीर पुढे मधुमेहानं पोखरलं, हेही त्याच मुलांना सांगितलं पाहिजे. झोप मारून केलेला अभ्यास डोक्यात राहत नाही.

चीनमध्ये एक जुना व्यायाम आहे, 'बादुआनजिन'. अर्थ असा की जरीच्या कापडाचे आठ तुकडे. (आम्ही गिरणीवाले, नाव लगेच ध्यानात राहिलं!) सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या चिनी लिखाणात त्याचा उल्लेख सापडतो. सरळ उभं राहायचं, श्वास घेत दोन्ही हात आभाळ उचलल्यासारखे वर न्यायचे, श्वास सोडत सावकाश खाली आणायचे. दुसऱ्या प्रकारात धनुष्य ताणायचं. अशा आठ हालचाली, पंधरा-वीस मिनिटांत होतात. श्वास लांब झाला की छातीची धडधड उतरते, आणि लक्ष हातांवर असल्यामुळे 'नापास झालो तर?' हे चक्र थोडा वेळ थांबतं. तिकडच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांवर प्रयोग झाले, चिंता काहीशी कमी झालेली दिसली. बरेच प्रयोग लहान होते, तेव्हा उगाच डांगोरा पिटू नये. श्वासाकडे पाहायला भगवंतांनी आनापानसतीत शिकवलंच आहे. ज्या पोराला मांडी घालून बसवत नाही, त्यानं उभ्यानं सुरुवात करावी, एवढंच आमचं म्हणणं.

मात्र पोरगं जेवत नाही, झोपत नाही, 'मी नसलो तर बरं' असं बोलतं, तर त्याला व्यायाम सांगत बसू नका. एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या. मशीनमध्ये बोट सापडलं तर दवाखान्यात जायला आपण लाजतो काय? १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. नंबर अभ्यासिकेच्या दारावर लिहिला आहे.

रविवारी सकाळी सहाला सभागृह उघडं राहील. मुलींनाही पाठवा. सतरंजी आणायची गरज नाही, उभ्यानंच करायचं आहे.