घरातला स्टुडिओ

1982 साली मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकानं रोलँड कंपनीची यंत्रं जुळवून दहा राग वाजवले आणि त्यांची रेकॉर्ड काढली. ठेक्याला टीआर-808, खर्जाला टीबी-303 आणि रागासाठी ज्युपिटर-8. तेव्हा त्या रेकॉर्डला फारसं कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे डीजे थक्क झाले, कारण शिकागोचं अ‍ॅसिड हाउस हे नृत्यसंगीत गाजायच्या कितीतरी आधीचं ते काम होतं!

आज एवढा सरंजाम जुन्या लॅपटॉपवर मावतो. एलएमएमएस हे संगीत रचायचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. नाशिक रोडच्या हौशी मंडळींना माझं सांगणं इतकंच, की सॉफ्टवेअरला जोडायची नवनवीन आवाजांची प्लगइन गोळा करत बसू नका. पहिला खर्च चांगल्या हेडफोनवर करा. लॅपटॉपच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही, म्हणून आपण तो वाढवत नेतो आणि मोठ्या स्पीकरवर नुसती घरघर उरते.

दुसऱ्यांचे तयार आवाज कशाला? आपल्याकडे नाशिक ढोल आहे. मोबाइलवर टिपताना मात्र लांब उभे राहा. जवळून आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज मागाहून धड होत नाही. ते ठोके संगणकाच्या चौकटीत तंतोतंत बसवू नका. ढोलाची झिंग त्या किंचित मागंपुढं होण्यातच असते, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी गाणं मोबाइलवरही ऐका. खर्ज गायब झाला, तर तोच सूर वरच्या सप्तकात हलकासा मिसळा.