सेल्फ का लागत नाही?



वेदान्तापासून अर्थकारणापर्यंतचे विषय ज्या व्यासपीठावर होत आले, तेथे जुन्या मोटारसायकलचा सेल्फ आणून उभा करणे धारिष्ट्याचे आहे, हे मी जाणतो. पण आत येताना फाटकाबाहेरची दुचाक्यांची रांग पाहिली आणि धीर आला.

बटन दाबूनही इंजिन फिरले नाही की बॅटरी गेली, असे आपण धरून चालतो. या समजुतीला आधार अगदीच नाही असे नाही. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीवर आला, आणि १९१४ साली 'इंडियन' मोटारसायकलच्या कारखान्याने 'हेंडी स्पेशल' या गाडीवर तशीच सोय केली. त्या काळच्या बॅटऱ्यांना ते ओझे पेलले नाही. गाडी मागे घ्यावी लागली. तेथे गुन्हेगार बॅटरीच होती. पुढे बॅटऱ्या सुधारल्या, पण पहिला संशय अजून तिच्यावरच!

मीही त्यातलाच. माझ्या वीस वर्षांच्या गाडीसाठी एका पावसाळ्यात मी दोन बॅटऱ्या विकत घेतल्या. दुसरीनेही चार दिवसांत तोच खेळ मांडला, तेव्हा ओळखीच्या एका वृद्ध फिटरकडे गेलो. गाडीला हात न लावता त्यांनी विचारले, "आवाज कसा येतो?"

हा प्रश्न का, ते समजण्यासाठी विजेच्या दोन वाटा ओळखल्या पाहिजेत. बटनातून मोटारीला वीज जाते, हा गैरसमज आहे. बटन म्हणजे साहेबांच्या टेबलावरची घंटा. ओझे उचलणारा शिपाई निराळा. त्याचे नाव रिले. बटनाची बारीक वीज रिलेतील तारेच्या गुंडाळीत शिरते, तिचे लोहचुंबक होते, ते आतील तांब्याची पट्टी ओढून दोन जाड टोके जोडते, आणि मगच बॅटरीची वीज जाड तारेने मोटारीत जाते. लहान गाडीतही ही वीज कित्येक अँपिअर असते. मोठ्या गाडीत शंभरावर जाते.

आता आवाज. बटन दाबून काहीच ऐकू येत नसेल, तर बहुधा बारीक वाट तुटलेली असते. फ्यूज, हँडलवरचा इंजिन बंद करण्याचा स्विच, न्यूट्रलचा, साइड स्टँडचा आणि क्लचच्या दांड्याखालचा स्विच पाहा. हा शेवटचा फार खोडकर असतो. एकच जोरदार 'टक्' आला, तर रिलेने काम केले, पण पुढे टोके जळाली आहेत किंवा मोटार अडली आहे. आणि 'टकटकटक' असा सपाटा आला, तर ओझे पडताच दाब कोसळतो, रिले सुटतो, दाब सावरतो, रिले पुन्हा ओढतो.

माझा आवाज हा तिसरा. फिटरनी बॅटरीला मीटर लावला, काटा १२.६ व्होल्टवर. मी म्हणालो, "म्हणजे बॅटरी चांगली?"

"निजलेल्या पैलवानाची ताकद कशी कळणार? बटन दाबा."

बटन दाबले, तरी बॅटरीच्या टोकांवर काटा साडेअकराच्या खाली उतरेना. तो दहाच्या खाली गेला असता, तर बॅटरी पुरती चार्ज करून पुन्हा तपासावी लागली असती. मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून पुन्हा बटन दाबायला सांगितले. तेथे पाव व्होल्टच्या आत दिसावयास हवे होते. दिसले चारच्या आसपास! अर्थिंगच्या तारेचा बोल्ट सोडला, तर वॉशरखाली गंजाचा थर.

"पण दिवा लागतो, हॉर्न वाजतो," मी म्हणालो. येथेच आपण फसतो. सांध्यात एक दशांश ओहम अडथळा आहे असे धरा. ३५ वॅटचा दिवा सुमारे ३ अँपिअर घेतो, त्याचे ०.३ व्होल्ट वाटेत जातात, ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मोटारीने ५० अँपिअर मागितले की ५ व्होल्ट वाटेतच संपतात. नवी बॅटरी बसवताना ती तार हलली असणार. चार दिवस सुटका झाली आणि श्रेय बॅटरीला गेले. पहिली बॅटरी मी भंगारात देऊन आलो होतो!

हीच तपासणी धन बाजूलाही करावी: बॅटरी ते रिले, रिलेची दोन जाड टोके, रिले ते मोटार. बटन दाबलेले असतानाच मीटर पाहावा. एरवी तो काही सांगत नाही. मोटारीपर्यंत पुरता दाब पोचूनही ती गप्प असेल, तर पान्याच्या मुठीने तिला हलकेच टिचकवावे. फिरली, तर आतील कार्बन झिजले. मोटार घूंघूं फिरते पण इंजिन ढिम्म, असे असेल तर एकदिशी क्लच तपासावा. तो विजेचा दोष नव्हे.

रिलेच्या दोन टोकांवर पेचकस ठेवून सेल्फ मारण्याची आपल्याकडे फार हौस आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येते, आणि जुन्या गाडीच्या कार्बोरेटरखाली पेट्रोल ठिबकत असेल तर एक ठिणगी पुरते. सांधे सोडताना ऋण तार आधी काढावी, लावताना शेवटी.

माझी गाडी फाटकापाशी दिव्याखाली उभी आहे. मीटर पिशवीत आहे. ज्यांना काटा प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर तिकडे यावे.