फुकट मिळालेल्या सोर्स कोडची अट

(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकताच पुढील रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडलेल्या मी पाहिल्या. परंतु ही गोष्ट मुळात दानपत्राची आहे, आणि दानपत्र म्हणजे काय हे विश्वस्तांस मी सांगावयास नको.

कोणी गृहस्थ विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी रक्कम देतो. ती फुकट मिळाली म्हणून आपण तिच्यातून दुकानांचे गाळे बांधीत नाही. सोर्स कोडचेही तसेच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली जी.पी.एल. नावाचा परवाना प्रसिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. परवाना म्हणतो : कार्यक्रम वापरा, बदला, खुशाल विका, मात्र ज्याला प्रत द्याल त्याला परवान्याचा मजकूर द्या, आणि तुमच्या बदलांसह संपूर्ण सोर्स कोड त्याला मिळेल अशी व्यवस्था करा. पैसे घेण्यास बंदी नाही. बंदी आहे ती लपविण्यास.

आता दुसरी बाजू. संगणकावरील खेळ गेम कन्सोलवर चालेल असा करून घेणे, यास पोर्टिंग म्हणतात. त्यासाठी लागणारे साहित्य कन्सोलची कंपनी करार करूनच देते, आणि त्यातील काहीही बाहेर फोडणार नाही असे लिहून घेते. एक कागद म्हणतो उघड करा, दुसरा म्हणतो झाकून ठेवा. अशा वेळी काय करावे, हे जी.पी.एल.च्या दुसऱ्या आवृत्तीच्या सातव्या कलमात स्पष्ट आहे : दोन्ही बंधने एकदम पाळता येत नसतील, तर वितरणच करावयाचे नाही.

हे कागदावरचेच राहिले नाही. लुकासफिल्मने १९८७ साली ‘मॅनिअॅक मॅन्शन’ या खेळासाठी ‘स्कम’ नावाची यंत्रणा तयार केली. पुढे १९९२ साली निघालेल्या ह्युमंगस एंटरटेनमेंटने मुलांचे खेळ त्याच यंत्रणेवर रचले. हे जुने खेळ नव्या संगणकांवर चालावेत म्हणून २००१ पासून काही स्वयंसेवकांनी ‘स्कमव्हीएम’ हा कार्यक्रम स्वतंत्रपणे लिहून काढला व जी.पी.एल.खाली खुला केला. २००८ साली ह्युमंगसचे तीन खेळ निन्टेंडोच्या ‘वी’ कन्सोलसाठी बाजारात आले. आत स्कमव्हीएम होता. नाव मात्र कोठेच नव्हते. खेळांचे हक्क रीतसर होते हो, पण खेळ चालविणारे यंत्र परक्याचे होते!

आपणास वाटेल, चूक कळली तेव्हा नाव छापून सोर्स कोड दिला की झाले. तेच तर शक्य नव्हते. ‘वी’च्या साहित्याबरोबर असा खुला सोर्स कोड वापरण्यासच निन्टेंडोची मनाई होती. वकिलांमार्फत बोलणी होऊन २००९ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली : शिल्लक प्रती ठराविक मुदतीत विकावयाच्या, आणि मुदतीनंतर उरतील त्या नष्ट करावयाच्या. तयार झालेला, चांगला चालणारा माल! मला तरी याचे फार वाईट वाटते.

सारे परवाने इतके कडक नसतात. एम.आय.टी., बी.एस.डी. यांना मूळ लेखकांची सूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की पुरते. खेळांत सर्रास लागणारी ‘एसडीएल’ ही लायब्ररी पूर्वी एल.जी.पी.एल.खाली होती; २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती सैल अशा झीलिब परवान्याखाली आली, तेव्हा कन्सोलवाल्यांचा मार्ग मोकळा झाला.

मागच्या रांगेत आपल्या समाजातील दोन तरुण बसले आहेत. त्यांचा खेळ तयार आहे, आणि कन्सोलच्या करारावर सही व्हावयाची आहे. त्यांनी वापरलेल्या लायब्रऱ्यांची यादी मी काल पाहिली. बावीसपैकी एकवीस ठीक आहेत. ध्वनीसाठी घेतलेली बाविसावी जी.पी.एल.ची आहे. बाळांनो, मालक स्वतः निराळा परवाना देऊ शकतो, तेव्हा प्रथम त्याला पत्र लिहा. परंतु ती लायब्ररी अनेकांनी मिळून लिहिलेली असेल, तर प्रत्येकाचा होकार लागेल. तो मिळत नसल्यास ती काढून दुसरी बसवा. महिनाभराचे काम वाढेल, हे मी जाणतो. तोवर सही थांबवा, आणि पुढील रविवारी यादी घेऊन माझ्याकडे या.