वाचणाऱ्यास, रुपये दहा

श्रोतेहो, कविसंमेलनात कविता वाचून मी खाली उतरलो की कुणीतरी जवळ येतं, हात हातात घेतं आणि प्रेमानं विचारतं, ‘तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं काय बोलता?’ विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, म्हणून मीही रागावत नाही. मी खरं तेच उत्तर देतो. सांगतो, ‘मला मराठी एका ख्रिस्ती आजोबांनी शिकवलं.’ मग समोरचा आणखीच बुचकळ्यात पडतो. आज त्या आजोबांविषयीच थोडं बोलायचं आहे.

ते माझे रक्ताचे आजोबा नव्हेत. आमच्या शेजारचे. नगरला ख्रिस्त गल्लीच्या अलीकडे आमची दोन खोल्यांची जागा होती आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं कौलारू घर. पुढे पडवी, पडवीत एक लाकडी बाक आणि बाकावर धोतर, कोट आणि काळी टोपी घालून बसलेले आजोबा. मिशनच्या मराठी शाळेत आयुष्यभर मास्तरकी करून ते १९६५ साली निवृत्त झाले होते. माझे अब्बा चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकले. म्हणून अब्बा त्यांना ‘मास्तर’ म्हणत आणि आम्ही पोरं ‘आजोबा’.

नगर हे गावच तसं गमतीचं. निजामशाहानं वसवलेलं. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं इथं आली. त्यांनी शाळा काढल्या, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केला. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरची त्यांची पुष्कळ वर्षं याच गावात गेली. आजोबांचा जन्म १९०७ चा. टिळकांना आपण लहानपणी लांबून पाहिलं, असं ते अभिमानानं सांगत. ‘काय पाहिलंत?’ असं विचारलं तर म्हणत, ‘पाहिलं एवढंच. सूर्य पाहिला म्हणणाऱ्याला काय पाहिलं म्हणून विचारतात का?’

टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. आजोबांचा सगळा धर्म त्या पुलावरच उभा होता. पहाटे पाचला त्यांचा आवाज भिंतीतून आमच्याकडे येई. चाल अभंगाची, हाती टाळ, आणि नाव ख्रिस्ताचं. त्याच सुमाराला मशिदीतून फजरची अजान होई. मी अंथरुणात पडून दोन्ही ऐकायचो. यात काही वेगळं आहे हे मला फार पुढे, मोठ्या माणसांच्या बोलण्यातून कळलं.

आता मूळ गोष्ट सांगतो. १९८० साली अब्बांना क्षय झाला. अब्बा पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या; तो बारीक कापूस छातीत जाऊन बसलेला. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. पिंजणाचा टणत्कार घरात थांबला आणि त्याबरोबर घरातला पैसाही थांबला. आजोबांनी अम्मीला काही देऊ केलं, तर तिनं मान हलवली. ‘मुफ्त का नक्को, मास्तर,’ म्हणाली.

आजोबा काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांनी मला पडवीत बोलावलं. म्हणाले, ‘माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. अक्षर दिसत नाही. रोज संध्याकाळी तासभर वाचून दाखवशील का? महिना दहा रुपये देईन. पण वाचन स्वच्छ हवं, नाहीतर पैसे कापीन.’ मी दहा वर्षांचा होतो. नोकरी लागल्याच्या तोऱ्यात मी घरी गेलो. ही मुफ्त नव्हती, त्यामुळे अम्मीही काही म्हणाली नाही.

आणि खरंच पैसे कापले जात! आमच्या घरी दखनी बोलतात. आमच्या जिभेला ‘ण’ आणि ‘ळ’ जड जातात. मी ‘पानी’ वाचलं की आजोबा बाकावर बोट आपटत. ‘पाणी म्हण. तहान लागल्यासारखं म्हण.’ ‘बाळ, फळ, काळ, आभाळ’ असं किती संध्याकाळी घोकलं असेल! आधी वर्तमानपत्र, मग ‘ज्ञानोदय’, मग तुकोबांची गाथा, मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई असं मराठी लिहिते, हे ऐकताना आजोबांचा चेहरा फुलून येई. आजी मात्र आतून ओरडे, ‘टिळकांनी घर कसं उधळलं ते त्यांच्या बायकोनं लिहून ठेवलं. तुमचं कोण लिहिणार?’

आजीचं खोटं नव्हतं. शाळेनं निरोपसमारंभात दिलेली शाल आजोबांनी थंडीत कुणाच्या तरी अंगावर घातली होती. १९७२ च्या दुष्काळात, अम्मी सांगायची, या घरात दिवसातून एकदाच चूल पेटे. संध्याकाळचं धान्य गल्लीतल्या कुठल्या ना कुठल्या घरात गेलेलं असे. आजी कुरकुरे आणि स्वतःच पदराखाली झाकून ते धान्य पोचवून येई.

वाचनात शेवटी बायबल असे. बहुतेक वेळा स्तोत्रसंहिता. मी वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. पण मगरिबची अजान झाली की ते स्वतः हात पुढे करून पुस्तक मिटत. ‘ऊठ. तुला बोलावणं आलं.’ एखादं स्तोत्र दोन ओळींवर संपत आलेलं असलं तरी थांबत नसत. मी म्हणायचो, ‘आजोबा, दोनच ओळी राहिल्यात.’ ते म्हणायचे, ‘त्या उद्यापर्यंत पळून जात नाहीत.’

गल्लीत कुजबूज झालीच. पिंजाऱ्याच्या पोराला मास्तर बायबल वाचायला लावतो, वर पैसे देतो. याचा अर्थ काय ते समजून घ्या, असं लोक म्हणू लागले. ते आजारी अब्बांच्या कानावर गेलं. एका संध्याकाळी अब्बा खोकत खोकत पडवीत आले. मी पुस्तक घेऊन बसलेलोच होतो.

अब्बा म्हणाले, ‘मास्तर, लोक काय काय बोलतात. तुम्ही माझे गुरू. तुम्हाला विचारू नये, पण बाप आहे.’

‘विचारायलाच हवं,’ आजोबा म्हणाले. ‘बस आधी. हे बघ, मी त्याला वाचायला लावतो, मानायला लावत नाही. मानायचं ते त्याचं तो आणि त्याचा अल्ला बघून घेतील.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात त्यांचे वडील, गावकुसाबाहेरचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, उपाशी चालत नगरला आले. मिशनच्या माणसांनी भाकरी दिली, काम दिलं. पुढे ते ख्रिस्ती झाले. गावानं त्यांना जन्मभर ‘पोटासाठी बाटलेला’ म्हटलं. आजोबांनाही शाळेत, बाजारात, कुठे कुठे ते ऐकावं लागलं.

‘मी एकदा वडिलांना विचारलं,’ आजोबा म्हणाले, ‘की हे खरं आहे का? ते म्हणाले, खरंच आहे. पोटात भूक होती. ज्या गावात जन्मलो तिथं पाण्यालाही हात लावू देत नव्हते. ज्यानं जवळ बसवून भाकरी दिली त्याचा देव कसा आहे ते बघावंसं वाटलं. यात लाज कसली? मलाही लाज वाटत नाही. ख्रिस्त मला भाकरीच्या वाटेनं भेटला, पण भेटला तो खराच. तरी एक गाठ मी मनाशी मारून ठेवलीय. मी कुणाला भाकरी देईन तेव्हा तिला देवाची चिठ्ठी चिकटवणार नाही. कारण ती चिठ्ठी घेणाऱ्याच्या कपाळावर तीन पिढ्या राहते.’

अब्बा बराच वेळ बसून राहिले. मग मला म्हणाले, ‘पढ बेटा. मास्तर को सुना.’

पुढे अब्बा बरे झाले. पहिली गादी त्यांनी पिंजली ती आजोबांसाठी. तेव्हा या दोघांचं जे भांडण झालं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. आजोबा बाजारभावापेक्षा दोन रुपये जास्त घे म्हणत होते आणि अब्बा एक पैसाही घेणार नाही म्हणत होते. शेवटी आजी बाहेर आली आणि तिनं बरोबर बाजारभाव अब्बांच्या हातावर ठेवला. ‘तुम्ही दोघं देवमाणसं असाल, मला व्यवहार कळतो,’ म्हणाली.

आजोबांनी मला आणखी एक गोष्ट दिली, तिच्यावर मी आजतागायत जगतो आहे. नववीत असताना मी पहिली कविता केली आणि ती भीतभीत त्यांना वाचून दाखवली. वर म्हणालो, ‘पण आजोबा, मराठीत आमचं कोण आहे?’ ते हसले. म्हणाले, ‘श्रीगोंद्याला जाऊन ये. तिथं तुझा पूर्वज बसलाय.’ सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद आमच्याच जिल्ह्यातले, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं एका ख्रिस्ती मास्तरांनी. मग त्यांनी बोटावर मोजून दाखवलं: ‘नेवाशाला ज्ञानेश्वर, श्रीगोंद्याला शेख महंमद, नगरला टिळक. एका जिल्ह्यात इतकं सगळं. आणि तू विचारतोस, आमचं कोण?’

मला ख्रिस्ती करायचं त्यांच्या मनात असतं तर ती वेळ चांगली होती. पोर अडलेलं होतं, आधार शोधत होतं. त्यांनी मला माझ्याच घराचा दरवाजा दाखवला.

याचा अर्थ त्यांची श्रद्धा पातळ होती असा कुणी काढू नये. सगळे धर्म सारखेच, असं ते कधी म्हणाले नाहीत. ‘माझ्यासाठी तो एकच,’ हे त्यांचं ठाम बोलणं. त्यांचा तरणाताठा मुलगा तापानं गेला होता, माझ्या जन्माआधी. त्याचा फोटो पडवीतल्या भिंतीवर होता. मी एकदा विचारलं, ‘देवानं असं का केलं?’ मोठी माणसं अशा वेळी देतात तसलं गोड उत्तर त्यांनी दिलं नाही. म्हणाले, ‘मला कळलेलं नाही. चाळीस वर्षं रोज पहाटे त्याला विचारतो. उत्तर येत नाही. पण बोलणं मी बंद केलेलं नाही.’ इतकी सरळ प्रार्थना मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकली नाही.

१९८९ साली आजोबा गेले. मी तेव्हा बी.ए.ला होतो. आमच्यात जनाज्याला चाळीस पावलं खांदा देण्याची रीत आहे. अब्बांनी त्या लाकडी पेटीला खांदा दिला आणि ओठ हलवत पावलं मोजली. चाळीस झाल्यावरही ते बाजूला झाले नाहीत, कबरस्तानाच्या फाटकापर्यंत गेले. तिथं पाळकांनी प्रार्थना केली. मग आजी मला म्हणाली, ‘तू वाच. त्यांना तुझ्या आवाजाची सवय होती.’ एकदोघांच्या कपाळावर आठी उठली, पण पाळकांनी मुकाट्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी तेविसावं स्तोत्र वाचलं. त्यात ‘पाणी’ हा शब्द आला तेव्हा ‘ण’ मी नीट उच्चारला. ‘आमेन’ झालं तेव्हा माझ्या मागे उभ्या असलेल्या अब्बांनी ‘आमीन’ म्हटलं. दोन शब्दांत अंतर किती, ते श्रोत्यांनीच ठरवावं.

काही महिन्यांनी आजीनं मला बोलावलं. त्यांच्या वह्या आवरायच्या होत्या. दोन वह्या निघाल्या. एक होती दिलेल्या धान्याची आणि पैशाची. तिच्यात एकही नाव नव्हतं. ‘एका घरी, ज्वारी दोन पायली.’ ‘एका घरी, औषधास पाच रुपये.’ पानंच्या पानं अशी. जात नाही, धर्म नाही, आडनावसुद्धा नाही. पुढे कुणी वाचलं तरी घेणाऱ्याची मान खाली जायला नको, एवढी काळजी त्या वहीत होती.

मी धडधडत्या छातीनं १९८० सालचं पान शोधलं. त्यात दर महिन्याचे दहा रुपये कुठेच दिसेनात. ते सापडले दुसऱ्या वहीत, घरखर्चाच्या. आजोबांना दिसत नव्हतं म्हणून त्या वर्षीचं अक्षर आजीचं होतं. दूध, रॉकेल, वर्तमानपत्र आणि त्याखाली: ‘वाचणाऱ्यास, रुपये दहा.’ एका महिन्यात ‘रुपये साडेनऊ’. त्या महिन्यात माझे ‘ळ’ चुकले असणार.

श्रोतेहो, मदत देताना फोटो काढायची, पिशवीवर नाव छापायची आणि घेणाऱ्याकडून आपल्या देवाचा जयजयकार करून घ्यायची रीत आता सगळ्याच धर्मांत झाली आहे. अशी पिशवी कुणाच्या हातात दिसली की मला त्या दोन वह्या आठवतात. आजोबा आपल्या ख्रिस्ताला दानाच्या पुढे उभं करत नसत. तो मागे उभा आहे, याची त्यांना पुरती खात्री होती.