परदेशी विद्यार्थ्यांची इटली

इटलीत पेरुजा आणि सिएना या टेकड्यांवरच्या जुन्या शहरांत खास परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरकारी विद्यापीठं आहेत. सिएनातले वर्ग १९१७ पासूनचे, पेरुजातले १९२१ पासूनचे. फ्लॉरेन्समध्ये तर अमेरिकी विद्यापीठांनी स्वतःची केंद्रंच थाटली आहेत.

अशा ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसोबत काम करणं म्हणजे फक्त व्याकरण शिकवणं नव्हे. युरोपीय संघाबाहेरचा विद्यार्थी तीन महिन्यांहून जास्त राहणार असेल, तर पोहोचल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत त्याला सहसा निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज पोस्टात मिळतो, भरून पोस्टातच द्यायचा. भाषा नवी, कागद किचकट. अशा वेळी केंद्राचा समन्वयक सोबत लागतोच. यजमान कुटुंबाशी सूर जुळवून देणं, आजारपणात डॉक्टरकडे नेणं, हेही त्याच्याकडेच. माझ्या मते अशा अभ्यासकार्यक्रमाचा खरा दर्जा इथं कळतो, संग्रहालयांच्या सहलींत नव्हे.

शिकवायचंच असेल, तर सिएनाच्या विद्यापीठाची ‘दीताल्स’ ही परीक्षा आहे. परदेशी लोकांना इटालियन शिकवण्याची तयारी ती तपासते. मातृभाषा इटालियन नसली तरी ती देता येते; भाषेवर पकड मात्र हवी. इटालियन शिकणाऱ्या श्रोत्यांनी या वाटेचा जरूर विचार करावा.