हजेरीपत्रक कोणाचे?

(मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांपुढे चिखली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील मनुष्यबळ व्यवस्थापकांची गाऱ्हाणी एकत्र केली, तर त्यांत एक विलक्षण साम्य आढळते. माणसे मिळत नाहीत. मिळाली तर टिकत नाहीत. टिकली तर त्यांना काम येत नाही. आणि काम येऊ लागले की चार पैसे अधिक मिळतात म्हणून ती शेजारच्या कारखान्यात निघून जातात. दिवाळीला वा छठपूजेला गावी गेलेला कामगार परत येईलच, याची शाश्वती नाही. ही गाऱ्हाणी खोटी नाहीत. परंतु त्यांवर जे उपाय योजले जातात, म्हणजे हजेरीचे बक्षीस, प्रेरणेची शिबिरे, अंगठ्याच्या ठशाची यंत्रे, ते सारे लक्षणांवरचे लेप आहेत. मूळ प्रश्न साधा आहे, आणि म्हणूनच बहुधा तो विचारला जात नाही. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचे नाव कोणाच्या हजेरीपत्रकावर आहे?

या प्रश्नाचा अर्थ समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. चिखलीच्या साने चौकात सकाळी पाळी सुरू होण्यापूर्वी थोडा वेळ उभे राहिले तरी पुरे. कंपनीचा गणवेश घातलेला कायम कामगार कंपनीच्या बसमध्ये चढतो. त्याच इमारतीत राहणारा, त्याच कारखान्यात, कदाचित त्याच यंत्रावर दुसऱ्या पाळीला काम करणारा तरुण ठेकेदाराच्या टेम्पोची वाट पाहत असतो. पहिल्याला रजा आहे, वेतनकरार आहे, निवृत्तीनंतरची काही तरतूद आहे. दुसऱ्याजवळ गेटपास आहे, आणि त्याची मुदत संपते. काम एक, कारखाना एक. हजेरीपत्रके मात्र दोन.

इंद्रायणीकाठचे हे गाव वारकरी परंपरेत टाळगाव चिखली म्हणून ओळखले जाते. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पाहता पाहता भोसरी, आकुर्डी, तळवडे, पुढे चाकण असा कारखान्यांचा विस्तार होत गेला. १९९७ साली चिखली महापालिकेत आली. आज गावाच्या दोन्ही अंगांना कारखाने आहेत आणि मधल्या वस्त्यांत त्या कारखान्यांचे मनुष्यबळ राहते. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्याला मनुष्यबळ म्हणतात, ते इथे भाड्याच्या एका खोलीत पाच-सहा जणांनी मिळून राहते.

मनुष्यबळ व्यवस्थापक हा पेशा आपल्या देशात का निर्माण झाला, याचा इतिहास फार थोड्यांच्या स्मरणात आहे. गिरण्यांच्या काळी भरती मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या, हाती असे. तो माणसे आणी, कामावर लावी, आणि त्याबद्दल त्यांच्याकडून दस्तुरी घेई. ना. म. जोशी ज्याचे सदस्य होते, त्या व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली आणि भरतीचे काम मुकादमाकडून काढून घेऊन ते कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावे, अशी शिफारस केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० वा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. म्हणजे या पेशाचा जन्मच मुळी मुकादमाला हटविण्यासाठी झाला. आज त्याच पेशातील माणसांच्या दिवसाचा मोठा भाग ठेकेदारांची बिले तपासण्यात आणि उद्याच्या पाळीला किती माणसे पाठवणार हे त्यांना विचारण्यात जातो. मुकादम गेला नाही. त्याने वस्तू व सेवाकराचा नोंदणी क्रमांक मात्र घेतला.

हे एका दिवसात घडले नाही. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनुसार २४० दिवस अखंड काम केलेल्या कामगाराला कायम होण्याचा हक्क पोहोचत असे. कायम होऊ न देण्याच्या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरते म्हणून राबविणे, ही १९७१ च्या राज्य कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरविली. कायदा हा असा असताना या पट्ट्यात ‘ब्रेक’ नावाची प्रथा रुजली. सात महिने काम, मग घरी. काही दिवसांनी नव्या नावाने तीच नेमणूक. १९७० च्या ठेका कामगार कायद्याचा हेतू ठेका पद्धतीचे नियमन करणे आणि शक्य तेथे ती नष्ट करणे हा होता. व्यवहारात परवाना हेच तिचे प्रतिष्ठापत्र झाले. टेल्कोतील संघर्षात सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यापाशी उपोषणास बसलेल्या कामगारांना पोलिसांनी उचलून नेले. त्यानंतरच्या काळात या परिसरातील मालकवर्गाने जो धडा घेतला, तो कामगारांशी बोलावे असा नव्हता; बोलावे लागेल असे कामगारच कमी ठेवावेत, असा होता.

२००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात निर्णय दिला की, एखाद्या कामात ठेका पद्धतीवर बंदी आली तरी ठेक्यावरील कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. ठेका हा केवळ देखावा आहे असे सिद्ध झाले, तरच तसे मानता येईल. आता देखावा ओळखायचा कसा? न्यायालये पाहतात की, कामगारावर प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे आहे. साहजिकच व्यवस्थापकाला वकिलाचा सल्ला मिळू लागला, की ठेक्यावरील माणसाला थेट हुकूम देऊ नये, त्याच्या रजेच्या अर्जावर सही करू नये, त्याला कंपनीचा गणवेश देऊ नये. माणसांना ओळखणे हेच ज्याचे काम, त्याला न ओळखण्याची व्यावसायिक शिस्त लावण्यात आली. आस्थेने केलेली चौकशी उद्या पुरावा म्हणून पुढे येईल, या भीतीने ती चौकशीच थांबली. या पेशावर आलेले याहून मोठे संकट दाखविता येणार नाही.

पुढे नावे बदलत गेली. २०१३ साली ‘नीम’ योजना आली. तिच्यात काम करणारा कामगार नसून प्रशिक्षणार्थी होता, म्हणून त्याला भविष्य निर्वाह निधी नाही आणि राज्य विमाही नाही. ही योजना पुढे मागे घेण्यात आली. परंतु तिच्या नावाखाली उत्पादनाच्या साखळीवर राबलेल्या तरुणांची ती वर्षे कोणत्याही सेवापुस्तकात नाहीत. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार देशातील संघटित कारखान्यांत या शतकाच्या आरंभी दर पाच कामगारांमागे सुमारे एक ठेक्यावर होता. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण शेकडा ४० च्या वर गेले.

‘माणसे टिकत नाहीत’ या तक्रारीकडे आता पुन्हा वळावे. १९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात कामगार सोडून जाण्याचे प्रमाण वर्षाला ३७० टक्के होते. एक जागा भरलेली ठेवण्यासाठी वर्षातून जवळजवळ चार माणसे नेमावी लागत. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने कामाचा दिवस आठ तासांचा केला आणि रोज पाच डॉलरपर्यंत, म्हणजे पूर्वीच्या सुमारे दुप्पट, वेतन देऊ केले. गळती थांबली. फोर्ड काही कामगारांचे कैवारी नव्हते. त्यांचे निरीक्षक कामगारांच्या घरात डोकावत आणि संघटनेला त्यांनी १९४१ पर्यंत मान्यता दिली नाही. परंतु माणूस का जातो, याचा हिशेब त्यांना करता येत होता. आपल्याकडे तो हिशेबच होत नाही, कारण गळतीचा खर्च ठेकेदाराच्या खात्यावर पडतो असे मानले जाते. प्रत्यक्षात तो रद्द झालेल्या मालात, थांबलेल्या यंत्रांत आणि अपघातांत उमटतो. सात महिन्यांनी जाणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने यंत्राचा स्वभाव कशासाठी शिकावा? आणि त्याला तो शिकविण्यात फोरमनने तरी वेळ का दवडावा?

अपघाताची बाब अधिक गंभीर आहे. मोटारउद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांतील जखमी कामगारांविषयी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध करते. पॉवर प्रेसवर बोटे गमावणारे कामगार बहुतांशी स्थलांतरित असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती विम्याचे कार्ड अपघात झाल्यानंतरच पडते, हे त्यांत वारंवार नोंदविलेले आहे. म्हणजे माणूस कारखान्याच्या दप्तरात दाखल होतो तो बोट तुटल्यावर.

या साखळीचे शेवटचे टोक चिखलीपासून दूर नाही. शेजारच्या तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या फुलबाजी-मेणबत्त्या तयार करणाऱ्या एका विनापरवाना कारखान्यात आग लागली. सहा जण त्याच दिवशी गेले, पुढे उपचार घेताना आणखी काही. मृतांत बहुतेक स्त्रिया होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीतील कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामे, छोटे कारखाने अशी हजारो बांधकामे पाडली. तेथील धूर, आगी आणि नदीचे प्रदूषण यांचा त्रास खरा होता, आणि बेकायदा बांधकामाचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु तेथे किती माणसे काम करीत होती, त्यांचे पुढे काय झाले, याचे उत्तर देणारे एकही हजेरीपत्रक नव्हते. मोठ्या कारखान्यांचे भंगार तेथे जात होते आणि काही सुटे काम तेथून येत होते. माल येण्याजाण्याची पावती असते; तो हाताळणाऱ्या माणसांची नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील चांगले ते चांगले म्हटले पाहिजे. प्रत्येकास नेमणूकपत्र, ठरावीक मुदतीच्या कामगारास एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, आणि २५० कामगारांमागेच कल्याण अधिकारी या तरतुदी स्वागतार्ह आहेत. मुख्य स्वरूपाच्या कामात ठेका पद्धतीला मनाई आहे. पण तिला इतके अपवाद जोडले आहेत की, मनाई शोधावी लागते. शिवाय, महाराष्ट्रात ५० कामगारांच्या कारखान्याला लागू असलेले स्थायी आदेश आता ३०० कामगारांपासून सुरू होतात. या पट्ट्यातील बहुसंख्य पुरवठादार कारखाने त्या रेषेच्या खाली आहेत.

मग उपाय कोणता? तो महाराष्ट्रानेच शोधलेला आहे. अण्णासाहेब पाटील आणि हमाल-माथाड्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यात कामगाराची नोंदणी ठेकेदाराकडे नसून मालक, कामगार व शासन यांच्या त्रिपक्षीय मंडळाकडे असते. मालक मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक लेव्ही मंडळात भरतो. मंडळ कामगाराला वेतन देते आणि त्या लेव्हीतून भविष्यनिधी, बोनस, रजा, औषधोपचार यांची तरतूद करते. मालक बदलला तरी कामगाराची सेवा तुटत नाही. पिंपरी ते चाकण या पट्ट्यातील ठेका कामगारांसाठी असेच मंडळ का असू नये?

यावरचा आक्षेप ठाऊक आहे. माथाडीचे नाव सांगून याच पट्ट्यात खंडणी मागितली जाते, अशी कारखानदारांची तक्रार आहे, आणि ती निराधार नाही. परंतु खंडणी घेणारे मंडळाच्या नोंदवहीच्या बाहेर राहूनच ती घेतात. नोंदणी खरी असेल, पैसा मंडळाच्याच खात्यातून जाईल आणि नोंदवही सर्वांना पाहता येईल, तर गुंडाला जागा उरत नाही. बोगस माथाडीवरचा उपाय माथाडी कायदा मोडणे हा नव्हे, तर तो पुरा राबविणे हा आहे.

मंडळ होईपर्यंत व्यवस्थापकांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. कारखान्याच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर आहे. ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराचाही कामगाराच्या व्याख्येत समावेश कायद्याने १९७६ सालीच केला. तेव्हा प्रेसवर उभे करण्यापूर्वी त्याला त्याच्या भाषेत प्रशिक्षण देणे, पहिल्याच दिवशी त्याचा विमा क्रमांक तपासणे, अपघातांच्या नोंदीत ठेक्यावरील माणूस न वगळणे, उपाहारगृहात दोन रांगा न लावणे, यांपैकी कशासाठीही संचालक मंडळाच्या ठरावाची प्रतीक्षा करावी लागत नाही. वकील धोका दाखवील. तो धोका पत्करणे हा या पेशाच्या कर्तव्याचा भाग आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा या पट्ट्यातील हजारो माणसे पायी, ट्रकने, मिळेल त्या वाटेने गावी निघाली. कारखाने पुन्हा सुरू करताना त्यांना बोलावण्यासाठी कित्येक व्यवस्थापकांजवळ त्यांचे पत्तेदेखील नव्हते, कारण ते ठेकेदाराच्या वहीत होते. पुढच्या संकटाच्या वेळी ते कोणाच्या वहीत असावेत, हे ठरविण्याचा अधिकार अजून तरी व्यवस्थापकांच्या हातून गेलेला नाही.